शेवटचं युनिट केवढ्याला पडतं?

२०२४ च्या मे महिन्याचं आमचं लाईट बिल ४२० युनिटचं आलं. परभणीतला मे ज्यांनी काढलाय त्यांना यात नवल वाटणार नाही. दिवसभर कूलर, रात्री सासूबाईंच्या खोलीत एसी, दोन फ्रीज, पाण्याची मोटर. त्या आठवड्यात माझा धाकटा भाऊ कांदिवलीहून सुट्टीला आला होता. बिल हातात घेऊन तो म्हणाला, "ताई, कंपनी बदलून बघितली का? आम्ही बदलली." माझ्या लेकीनं लगेच विचारलं, "सिम पोर्ट करतो तसं?"

मी शाळेत गणित शिकवते. आकडे समोर असले की ते सोडवल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून भावाला बसवून घेतलं आणि त्यानं नेमकं काय केलं ते सगळं विचारलं.

मुंबईच्या बऱ्याचशा उपनगरांत घरगुती ग्राहकाला खरोखरच दोन कंपन्या आहेत. एक अदानी, जिनं २०१८ मध्ये रिलायन्सकडून तो भाग घेतला, आणि दुसरी टाटा. टाटांनी घराघरांत थेट वीज विकावी की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २००८ च्या निकालानं ती वाट मोकळी झाली, आणि २००९ पासून लोकांना जुन्याच तारांवरून दुसऱ्या कंपनीची वीज घेता येऊ लागली. म्हणजे तार एकाची, वीज दुसऱ्याची. अशा वेळी वहन आकार, म्हणजे वीज वाहून आणायचं भाडं, ज्याची तार आहे त्याला जातो आणि वीज आकार ज्याची वीज आहे त्याला. दोघांचेही दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवून देतो, कंपनीला मनानं वाढवता येत नाहीत. मात्र दोघांच्या टप्प्यांचे दर सारखे नसतात. त्यामुळे शेजाऱ्याला एक कंपनी स्वस्त पडली म्हणून आपल्यालाही तीच पडेल असं नाही, आपलं महिन्याचं युनिट किती यावर ते ठरतं. भावानं वर्षभराची बिलं काढली, दोन्हीकडचे दर लावून बेरीज केली आणि मग अर्ज केला. त्याची ही पद्धत मला फार आवडली. पुढे मी जे काही केलं त्याचं बीज त्यातच आहे.

आता आमच्याकडचं. मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत घरगुती ग्राहकाला पुरवठादार एकच, महावितरण. २००३ च्या वीज कायद्यानुसार एका भागात एकाहून जास्त कंपन्यांना परवाना देता येतो, पण मुंबईबाहेर आपल्या घरापर्यंत ते अजून आलेलं नाही. जुनं विद्युत मंडळ २००५ च्या जूनमध्ये मोडलं आणि महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशा वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. त्यातली शेवटची आपल्या मीटरपर्यंत येते. तारा महावितरणच्याच आणि वीज दुसऱ्याकडून, अशी 'ओपन ॲक्सेस' नावाची सोय आहे, पण ती मोठ्या ग्राहकांची. हरित ऊर्जेसाठी २०२२ च्या नियमांनी ती मर्यादा १०० किलोवॅटवर आणली. आमच्या घराचा मंजूर भार तीन किलोवॅट. म्हणजे तो विषय तिथंच संपला.

माझी मोठी बहीण संभाजीनगरला असते. ती म्हणाली, "आमच्याकडं मागं खासगी कंपनी होती की." बरोबर आहे. २०११ ते २०१४ या काळात तेव्हाच्या औरंगाबाद शहरात जीटीएल ही कंपनी फ्रँचायझी म्हणून काम बघत होती. पण फ्रँचायझी म्हणजे स्पर्धक नव्हे. बिल दुसऱ्यानं वाटलं, मीटर दुसऱ्यानं बघितलं, दर मात्र आयोगानं महावितरणसाठी ठरवलेलेच. 'खासगी आलं की स्वस्त होतं' किंवा 'खासगी आलं की महाग होतं', असं दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसं आमच्या गल्लीत आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगते आहे.

सासूबाईंचं माहेर परळीजवळचं. त्यांना या सगळ्याचा रागच आला. "वीज आमच्या परळीत तयार व्हायली अन् आम्हाला निवडायला काही नाही?" परळीचं औष्णिक केंद्र १९७१ पासूनचं. त्याच्या राखेत आणि धुरात आजूबाजूची गावं जगली आहेत. २०१५-१६ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते बंद पडलं होतं, तो काळ त्यांनी जवळून बघितलाय. त्यांचा राग मला पटतो. तयार झालेली वीज राज्याच्या जाळ्यात मिसळते आणि परळीचं युनिट परभणीला स्वस्तात मिळत नाही, हे खरं. पण ज्यानं धूर सोसला त्याला काहीतरी सवलत असावी, असं मला आजही मनापासून वाटतं.

कंपनी निवडता येत नाही, मग तुलना कशाची करायची? मी भावाचीच रीत धरली आणि वर्षभराची बिलं काढली. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्यामुळे जुने कागद हरवले असले तरी अडत नाही. एप्रिल ४००, मे ४२०, जून ३५०. जुलै ते ऑक्टोबर दोनशे ते अडीचशेच्या मध्ये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दीडशेच्या आसपास. मार्चला पुन्हा २६०. वर्षाची बेरीज २,९२० युनिट.

मग दर. २०२४-२५ साठी महावितरणच्या घरगुती ग्राहकाचा वीज आकार असा होता: पहिल्या १०० युनिटला ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० ला १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० ला १४ रुपये ५५ पैसे आणि त्यावर १६ रुपये ६४ पैसे. प्रत्येक युनिटवर वहन आकार १ रुपया १७ पैसे. सिंगल फेजला महिन्याचा स्थिर आकार १२८ रुपये. या सगळ्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार महिन्यामहिन्याला बदलतो, तो मी हिशेबातून बाजूला ठेवला.

हे आकडे लावले की ४२० युनिटचं बिल ५,६७७ रुपये होतं. बहुतेक लोक इथं काय करतात, तर ५,६७७ भागिले ४२०, म्हणजे साडेतेरा रुपये युनिट पडलं म्हणतात आणि गप्प बसतात. ही सरासरी काही कामाची नाही. वहन आकार आणि शुल्क धरून पहिल्या शंभरातलं युनिट ६ रुपये ८२ पैशांना पडतं. १०१ ते ३०० मधलं १३ रुपये २९ पैशांना. आणि तीनशेच्या पुढचं प्रत्येक युनिट १८ रुपये २४ पैशांना. आपण एखादा दिवा बंद केला तर वाचतं ते हे शेवटचं, अठरा रुपयांचं युनिट. साडेतेराचं नव्हे. घरातली कुठलीही योजना, कुठलंही यंत्र, कुठलीही सवलत तोलायची ती या शेवटच्या युनिटच्या भावानं. मला हे कळलं त्या रात्री मी यांना उठवून सांगितलं होतं. यांनी झोपेतच हो म्हटलं.

लहान सवलती आधी घेऊन टाकल्या. कागदी बिल बंद करून ईमेलवर घेतलं की 'गो-ग्रीन'मध्ये तेव्हा बिलामागे १० रुपये सूट होती. मुदतीच्या आधी लवकर भरलं तर तत्पर भरण्याची एक टक्का. ऑनलाइन भरलं तर पाव टक्का. याला काही खर्च नाही, पण बिलाचं ओझं यानं हलत नाही. मोठा फरक पडायचा तर तीनशेच्या वरची युनिटं मुळात विकत घ्यायलाच नकोत.

इथं गच्चीवरच्या सोलरचा विचार आला. पीएम सूर्यघर योजना त्याच वर्षी, २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झाली होती. अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार. तीनच्या पुढे कितीही लावा, अनुदान तेवढंच. योजनेच्या नावात 'मोफत वीज' आहे, पण स्थिर आकार कुणाचाच सुटत नाही. पॅनेलनं सगळी गरज भागवली तरी तो महिन्याला येतोच. हे आधीच माहीत असलं की नंतर हिरमोड होत नाही.

अर्ज भरायला बसलो आणि पहिल्याच पायरीला थांबलो. मीटर सासऱ्यांच्या नावावर होतं. ते जाऊन बरीच वर्षं झाली, बिल मात्र त्यांच्याच नावानं येत राहिलं. आपल्याकडे निम्म्याहून अधिक जुन्या घरांत हेच असणार. अर्जदाराचं नाव बिलावर हवं आणि अनुदान त्याच्याच बँक खात्यात जमा होणार, तेव्हा आधी नावात बदल. त्यासाठी मृत्यूचा दाखला, घराची कागदपत्रं, कराची पावती आणि बाकीच्या वारसांचं ना हरकत. माझ्या दोन्ही नणंदांनी लगेच सह्या दिल्या. सासूबाई मात्र कागद बघून बसूनच राहिल्या. "त्यांचं नाव काढायलाव का माय?" यांनी त्यांना समजावलं की मीटर आता तुमच्या नावावर करतो, माझ्या नाही. तसंच केलं. अर्जही त्यांच्याच नावानं गेला. ज्यांच्या घरी अजून आजोबा-पणजोबांच्या नावावर मीटर आहे, त्यांनी सोलर घ्यायचं असो वा नसो, हे काम आजच करावं. वारसांची तोंडं एकमेकांकडे असतात तोवर या सह्या सहज मिळतात.

मग कोटेशन. योजनेत नोंदणी झालेल्या विक्रेत्यांकडूनच बसवावं लागतं. आम्ही परभणीतले आणि नांदेडचे काही जण बोलावले. कुणाचं नाव घेत नाही, कारण सगळेच पोटासाठी काम करणारे आहेत. पण त्यांची कागदं शेजारी शेजारी ठेवली तेव्हा जे दिसलं ते लिहायलाच हवं.

सगळ्यांनी न विचारता तीन किलोवॅटचं कोटेशन दिलं. एकानं १ लाख ९० हजार सांगितले, एकानं २ लाखांच्या वर, आणि एकानं 'तुम्हाला फक्त ९० हजार' असं मोठ्या अक्षरात लिहून आणलं. त्या ९० हजारांत त्यानं अनुदान आधीच वजा केलेलं होतं. अनुदान ग्राहकाच्या खात्यात नंतर येतं, विक्रेत्याला पूर्ण रक्कम आपणच द्यायची असते. म्हणून तुलना करताना अनुदानाआधीची, जीएसटी धरूनची रक्कम सगळ्यांकडून लिहून घ्यावी. तेव्हाच आंब्याच्या पेट्यांत फळं मोजल्यासारखं सारखं माप लागतं.

सगळ्यात स्वस्त कोटेशनमध्ये पॅनेलच्या नावापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं, "हे डीसीआर आहे का?" तो म्हणाला, "मॅडम, पॅनेल एक नंबर आहे, सबसिडीचं आम्ही बघतो." हे उत्तर नव्हे. डीसीआर म्हणजे पॅनेल भारतात बनलेलं आणि त्याच्या आतला सेलही भारतातच बनलेला. अनुदान फक्त अशाच पॅनेलला मिळतं. बाहेरून सेल आणून इथं जोडलेलं पॅनेल स्वस्त पडतं, वाईटच असतं असंही नाही, पण त्यावर अनुदान नाही. प्रत्येक पॅनेलला अनुक्रमांक असतो. तो बिलावर लिहून द्यायचं कबूल करतो त्याच्याशीच पुढे बोलायचं, असं आम्ही ठरवलं आणि त्या एका प्रश्नावर यादी बरीच लहान झाली.

बाकीचं कागदावरून कळत नाही, गच्चीवर चढून बघावं लागतं. आमच्या गच्चीवर पश्चिमेला शेजारचा कडुलिंब आणि आग्नेयेला पाण्याची काळी टाकी. एका विक्रेत्यानं खालूनच मोजमाप सांगितलं. दुसरा वर आला, दुपारपर्यंत टाकीची सावली कुठं कुठं सरकते ते त्यानं खडूनं आखलं आणि म्हणाला, "ही जागा सोडून देऊ. एका पॅनेलवर सावली पडली तर जोडलेल्या सगळ्यांचं उत्पादन पडतं." त्यानं पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि कल साधारण परभणीच्या अक्षांशाएवढा, वीस अंशांच्या जवळपास ठेवायचं सांगितलं. स्ट्रक्चर गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचं आहे का, स्लॅबमध्ये खिळे ठोकणार की वर काँक्रीटचे ठोकळे ओतणार, विजांपासून बचावाचा दांडा आणि अर्थिंग वेगळं देणार का, हे सगळं त्यानं आम्ही न विचारता सांगितलं. वळवाच्या पावसाआधी आमच्याकडे जी वावटळ उठते ती पत्रे उडवून नेते, तेव्हा यातलं एकही फालतू नाही.

सासूबाईंचा प्रश्न गारांचा होता. २०१४ च्या गारपिटीनं मराठवाड्यातल्या पिकांचं आणि जनावरांचं काय केलं ते कुणी विसरलेलं नाही. "गारा पडल्यावर काचा राहतेत का?" पॅनेलची काच कडक केलेली असते आणि प्रमाणित पॅनेलवर २५ मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळ्यांचा मारा करून चाचणी घेतात. म्हणजे साधी गारपीट सोसते. लिंबाएवढ्या गारांची हमी मात्र कुणी देत नाही. आम्ही घराच्या विम्यात पॅनेलची नोंद करून घेतली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, किती किलोवॅट? एक किलोवॅट आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देतं. दोन किलोवॅटचे वर्षाला २,९२० होतात. आमचा वापर नेमका तेवढाच. विक्रेते म्हणत होते, "तीन घ्या, अठरा हजार जास्त मिळायलेत, सोडता कशाला?" यांनाही ते पटत होतं. मी बारा महिन्यांचा तक्ता मांडला.

नेट मीटरचा हिशेब असा चालतो. दिवसा पॅनेलची वीज आधी घरात वापरली जाते, उरलेली बाहेर जाते, रात्री आपण बाहेरून घेतो. महिन्याच्या शेवटी घेतलेल्यातून दिलेली वजा होते आणि उरलेल्या युनिटांचं टप्प्याप्रमाणे बिल येतं. दिलेली जास्त झाली तर ती पुढच्या महिन्यात जमा राहते. पण ३१ मार्चला खातं बंद होतं. तोवर शिल्लक राहिलेल्या युनिटांचे आयोगानं ठरवलेल्या अल्प दरानं पैसे मिळतात आणि एप्रिलला पाटी कोरी.

मराठवाड्यातल्या घराला ही ३१ मार्च फार टोचते. आपली शिल्लक साठते हिवाळ्यात, जेव्हा पंखाही नको असतो आणि ऊन मात्र स्वच्छ असतं. आपली गरज सुरू होते एप्रिलपासून. नोव्हेंबर ते मार्च साठवलेलं सगळं उन्हाळ्याच्या उंबऱ्यावर निकाली निघतं. त्यामुळे 'वर्षाची बेरीज जुळली म्हणजे बिल शून्य' हे विक्रेत्याचं गणित आपल्याकडे जुळत नाही. जो तुम्हाला वर्षाच्या बेरजेवर शून्य बिल दाखवतो, त्याला महिन्यामहिन्याचा तक्ता मांडायला लावा.

मी मांडला. दोन किलोवॅटवर मेमध्ये अडीचशे युनिट धरली तर ४२० चे १७० उरतात. त्याचं बिल, स्थिर आकार आणि शुल्कासकट, १,७६१ रुपये. म्हणजे अडीचशे युनिटांनी ३,९०० रुपयांहून जास्त वाचवले, युनिटमागे पंधरा रुपयांच्या वर. कारण गेली ती महागडी युनिटं, राहिली ती स्वस्त. पूर्ण वर्षाचं बघितलं तर स्थिर आकार सोडून आमचं बिल ३२ हजार चारशेच्या आसपास होतं, ते साडेचार हजारांवर येत होतं. वर्षाला २७ हजारांच्या वर बचत. दोन किलोवॅटचं कोटेशन १ लाख ३८ हजार, अनुदान ६० हजार, खिशातून ७८ हजार. तीन वर्षांच्या आत पैसे वसूल.

आता तिसरा किलोवॅट. त्याचे ५२ हजार जास्त, त्यातून १८ हजार अनुदान, म्हणजे ३४ हजार खिशातून. आणि त्यानं वाचणार काय? उरलेलं बिलच साडेचार हजारांचं. त्यापुढची सगळी युनिटं ३१ मार्चच्या अल्प दराला जाणार. पहिले दोन किलोवॅट तीन वर्षांत फिटतात, तिसरा त्याच्या दुप्पट वेळ घेतो. ज्यांच्याकडे विजेवरची गाडी येणार आहे, खाली भाडेकरू ठेवायचे आहेत, त्यांनी तिसरा जरूर घ्यावा. आम्हाला तसं काही नव्हतं. अठरा हजार मिळतात म्हणून चौतीस हजार घालायचे, हे मला कुठल्याच बाजूनं पटलं नाही. यांनी तक्ता दोनदा तपासला आणि दोनवर सही केली.

एक गोष्ट विक्रेत्यांपैकी एकानंच स्वतःहून सांगितली, बाकीच्यांना विचारावी लागली. साधं ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या तारेला जोडलेलं, सोलर लाईट गेली की बंद पडतं. वर कडक ऊन असलं तरी. कारण खांबावर वायरमन काम करत असेल आणि आपल्या गच्चीवरून तारेत वीज गेली तर त्याचा जीव जाईल. म्हणून सोलरचा इन्व्हर्टर स्वतःहून तारेपासून अलग होतो. दुपारी लाईट गेल्यावर पंखे चालायला हवेत तर बॅटरीसकट हायब्रिड घ्यावं लागतं आणि खर्च बराच वाढतो. आमच्याकडे जुना बॅटरीचा इन्व्हर्टर होता, तोच पुढे चालू ठेवला. हा मुद्दा मी इतक्या लोकांना सांगते, कारण गावाकडे बरेच जण लोडशेडिंगवर उपाय म्हणूनच सोलर घ्यायला निघतात.

बसवायचं काम पावसाळा सरता सरता झालं. करारात पाच वर्षं देखभाल विक्रेत्याची, हे योजनेतच आहे. आम्ही ते त्याच्याकडून वेगळं लिहून घेतलं. वर्षातून किती वेळा येणार, इन्व्हर्टर बंद पडला तर किती दिवसांत बघणार, हे सगळं शब्दांत. तपासणी झाली, नेट मीटर लागला, अनुदान सासूबाईंच्या खात्यात आलं. त्या स्वतः बँकेत जाऊन पासबुकात एंट्री करून आल्या.

आता एक उन्हाळा निघालाय. २०२५ च्या एप्रिलला बिल १५१ युनिटचं आलं, आदल्या वर्षी त्याच महिन्यात ४०० होतं. मेवरून काही ठरवता येणार नाही, त्या वर्षी मेमध्येच पाऊस लागला, कूलरही कमी चालला आणि पॅनेलही कमी पिकले. एक मात्र लक्षात आलं. सगळ्यात जास्त वीज भर उन्हाळ्यात मिळेल असं वाटायचं, पण पॅनेलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की प्रत्येक अंशाला उत्पादन थोडं थोडं घटत जातं. आमच्या गच्चीवर एप्रिलच्या दुपारी हात लावता येत नाही. फेब्रुवारी-मार्चचे दिवस एप्रिलपेक्षा सरस ठरले. धुळीचंही तसंच. आठवड्याला एकदा, सूर्य वर यायच्या आत, अर्धी बादली पाणी आणि मऊ फडकं. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही आणि आमच्याकडे तेवढं पाणी उधळायलाही नसतं. पुसलेल्या दिवशी आणि न पुसलेल्या दिवशी मोबाईलवर दिसणाऱ्या आकड्यांत फरक कळतो.

२०२५ च्या जुलैपासून आणखी एक बदल आलाय. ज्यांच्याकडे नव्या पद्धतीचं, वेळेनुसार वापर नोंदवणारं मीटर आहे, त्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत. ज्यांना सोलर परवडत नाही किंवा गच्चीच नाही, त्यांना मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री दिवसा लावून थोडं वाचवता येईल.

शेजारच्या काकू आमचं बघून विचारायला आल्या. "बाई, मी पण बसवू का?" त्यांच्या घरी दोन पंखे, टीव्ही आणि फ्रीज. बिल काढून बघितलं तर युनिट नव्वदच्या पुढे कधी गेलेलंच नाही. म्हणजे त्यांचं शेवटचं युनिटही पावणेसात रुपयांचं. एक किलोवॅटला अनुदान जाऊन ४५ हजार लागले असते आणि वर्षाला सात हजारांच्या आसपास वाचलं असतं. सहा वर्षं. मी दोन्ही आकडे कागदावर लिहून दिले आणि नको असं काही म्हटलं नाही, कारण पैसा त्यांचा. त्यांनी लेकाला फोन लावून आकडे वाचून दाखवले, आणि दिवाळीनंतर त्या पैशांतून स्वयंपाकघरावरचा गळका स्लॅब दुरुस्त करून घेतला.